एलोजी मिस्त्रीची आजी

तुम्ही माझं लग्न मोडलंत. तुमचं नाव मला ठाऊक नाही, खुर्ची ठाऊक आहे. खुर्चीवर आता दुसरा कोणी बसला असेल, तर त्यानं वाचावं. चार पिढ्या सांगा, शपथेवर सांगा, असा कागद तुमच्या त्या खुर्चीतून निघाला आणि समुद्र ओलांडून आमच्या आंबेखार गावात आला. तो आला नसता तर माझा बाप खोटं बोलला असता, आणि मी सुखानं नांदले असते.

बुधवार होता. नव्याचा सण, म्हणजे आमचं नवं वर्ष, पाच दिवसांवर आला होता. आबा, म्हणजे माझे वडील एलोजी मिस्त्री, हेखालाच्या डाव्या दारावर चपड्याच्या पॉलिशचा शेवटचा हात फिरवत होते, आणि मी खाली बसून उजव्या दाराची कड काचकागदानं घासत होते. हेखाल म्हणजे आमच्या मशिदीतलं मोठं लाकडी कपाट, पश्चिमेच्या भिंतीला लावलेलं. त्यात सेफेर, हातानं लिहिलेली तोऱ्याची गुंडाळी, ठेवतात. आम्ही यहुदी, बेने इस्राएल. पण पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहून आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणतो. जुना हेखाल वाळवीनं पोखरला होता. नवा आबांनी पाच महिने खपून सागवानात केला. एक खिळा नाही त्यात. नुसते सांधे आणि खुंट्या, बिजागऱ्यासुद्धा लाकडी.

मशिदीचा कारभार बघणारे मुसाजी मुकादम वहाणा बाहेर काढून आत आले. दाराला बोट लावलं. दार हललं, आवाज नाही.

"तेल बील घातलंस काय रे बिजागरीत?"

"तेल कशाला? दार सरळ बसलं की कुरकुरत नाही," आबा म्हणाले.

"तेल्याच्या घरात रंधा कुठून आला, देव जाणे!" मुकादम हसले.

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत होते. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावचे लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. आमचं अख्खं घराणं घाण्यावरचं. चुलते, चुलतचुलते, सगळे खोबरं नि तीळ गाळणारे. एका आबांच्या हातात मात्र रंधा आणि पटाशी. लोक विचारत, आबा हसत, आणि विषय संपे.

मुकादमांनी आवाज खाली आणला. "उद्या पंच बसवतो. तू मजुरी नको म्हणालास, सही पाहिजे म्हणालास. सही देतो. चार पिढ्यांची नावं सांगायची, बस्स. तेवढं ते एक नाव..." ते माझ्याकडे बघून थांबले.

"तिला सगळं ठाऊक आहे," आबा म्हणाले.

"मग बरं. आजीचं नाव साराबाई सांग. अरे, सगळ्यांच्या आज्या साराबाईच. माझी पण साराबाई. तिकडे कोण बघायला येतंय?"

आबांनी चपड्याचा बोळा बशीत ठेवला. "सांगेन," म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला.

माझा जीव का अडकला होता, ते सांगते. रूबेन दोन वर्षांपूर्वी तिकडे, तुमच्या देशात गेला होता, बंदरावर क्रेन चालवायला. जायच्या आधी आमचा साखरपुडा झाला होता. श्रावणात त्याचं पत्र आलं. खोली मिळाली आहे, गॅसची शेगडी घेतली आहे, पण लग्न नोंदवायला गेलो तर धर्माधिकाऱ्यांनी नवा कागद दाखवला. आपल्या लोकांच्या मुलीनं आईकडच्या आणि बापाकडच्या चार पिढ्या आणायच्या. गावच्या मशिदीच्या मुकादमाचा शिक्का, पंचांची साक्ष. कुठं बाहेरचं रक्त निघालं तर लग्न नाही. पत्राच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, "शेगू, तुझ्या आबांना म्हणावं काहीतरी करा."

बाहेरचं रक्त होतं. आमच्यात गोरे आणि काळे असे दोन भाग. कातडीशी त्याचा काही संबंध नाही. माझे आबा मुकादमांपेक्षा चांगले उजळ होते. कुणाच्या पणज्यानं दुसऱ्या जातीची बायको घरात आणली की त्याच्या पुढची सगळी पिलावळ काळी. आबांच्या आजोबांनी आणली होती. म्हणून आम्ही काळे. काळ्यांनी सेफेर उचलायचा नाही. सणाला मनुकांचं सरबत सगळ्यांचं पिऊन झालं की मग काळ्यांना. बसायला शेवटचा बाक. तो बाकसुद्धा आबांनीच केलेला.

म्हणजे हे तुम्हीच शोधून काढलंत असं नाही. आमच्या अंगात ते आधीपासून होतं. तुम्ही फक्त त्याला छापील रकाने दिलेत.

त्या संध्याकाळी आम्ही ओट्यावर नावांची तालीम केली. मी मास्तरीण, आबा विद्यार्थी. आई तांदूळ निवडत होती.

"म्हणा, माझा बाप शिमशोन."

"माझा बाप शिमशोन."

"त्याची बायको रिवकाबाई. शिमशोनचा बाप इसाजी."

"इसाजी. घाण्यावर एक नंबर माणूस. बैल त्याच्याशी बोलायचा."

"बैल नका सांगू आबा, तिकडे बैल विचारत नाहीत. इसाजीची बायको?"

आबांनी ओट्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"साराबाई," मी म्हटलं.

"हां. साराबाई."

"परत."

तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तिथंच अडले. आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, "काय हो, पाच महिने हेखाल केलात त्यात एका सांध्याची कूस चुकली नाही, आणि एवढा एक शब्द बसत नाही तोंडात? मेलेल्या बाईला काय फरक पडतो? जितीला पडतो."

"बसेल," आबा म्हणाले. "मेण लावून बसवतो."

आम्ही हसलो. चौथ्या वेळी त्यांनी नाव न अडता घेतलं. मी त्यांच्या पाया पडले. थट्टेत नाही, खरंच पडले.

गुरुवारी सकाळी मशीद धुऊन काढली होती. सेफेर मुकादमांच्या घरी होता, तो आणला. आमचे धर्मगुरू बिनयामिन काजी, त्यांनी कवटाळून आणला. म्हातारे होते, तरी त्यांनीच आणायचा. मुकादमांनी हेखालाची दोन्ही दारं उघडली. दारं उघडताना जो तो एकदा मागं वळून आबांकडे बघत होता. आबा शेवटच्या बाकापाशी उभे होते, पांढरी टोपी घालून. पाच महिने ज्या कपाटात डोकं घालून त्यांनी काम केलं होतं, त्यात सेफेर गेल्यावर त्याला हात लावायची त्यांना मुभा नव्हती.

मी वर बायकांच्या गॅलरीत होते, आईजवळ. खालचं सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं.

आता इथं मुकादमांनी चूक केली. वाईट मनानं केली नाही. उलट त्यांना माझं भलं करायचं होतं. शेजारच्या गावची दोन प्रमाणपत्रं तुम्ही परत पाठवली होतीत, नुसत्या सह्या चालत नाहीत, शपथ पाहिजे म्हणून. तेव्हा मुकादमांनी ठरवलं की एलोजीचा कागद इतका पक्का करायचा की कुणाची बोट ठेवायची छाती होऊ नये. ते मोठ्यानं म्हणाले, "एलोजी, पुढं ये. दारं उघडीच राहू देत. आज तुला मुभा आहे, दारावर हात ठेव आणि नावं सांग. सेफेरासमोर सांगितलेलं कोण परत पाठवतो बघू!"

आई माझ्या कानाशी पुटपुटली, "अरे देवा. ओट्यावर सही केली असती तर काय बिघडलं असतं याचं?"

आमच्या गावात उघड्या हेखालासमोर कुणी खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. चोरीचा वाद असो, बांधाचा वाद असो, माणसाला हेखालासमोर चल म्हटलं की तो कबूल व्हायचा नाहीतर घरी पळायचा.

आबा पुढं गेले. उजवा हात वर केला, डाव्या दाराच्या चौकटीवर ठेवला. तिघे पंच बाकावर, एकाच्या मांडीवर कागद.

"माझा बाप शिमशोन," आबा म्हणाले. "त्याची बायको रिवकाबाई, माझी आई. शिमशोनचा बाप इसाजी."

पंच लिहीत होता. टाक थांबला. त्यानं वर पाहिलं.

"इसाजीची बायको?"

आबांचा अंगठा चौकटीवरून वर गेला, खाली आला. मला वरून अंगठा दिसत होता.

"एलोजी," मुकादम हळूच म्हणाले, "इसाजीची बायको, सा..."

अंगठा पुन्हा वर गेला.

मला धीर धरवला नाही. मी गॅलरीच्या कठड्यावरून वाकून ओरडले, "आबा, साराबाई म्हणा!"

मशिदीत बाईनं असं ओरडायचं नसतं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. आबांनीही वर पाहिलं, माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील.

"भागी," आबा म्हणाले. "सुताराची भागी."

पंचानं टाक खाली ठेवला.

"अरे, काय बोलतोस!" मुकादम पुढं आले. "लिहू नका रे. एलोजी, चल, दारं लावतो, घरी चल, ओट्यावर बसून लिहू. कागदापुरतं आहे हे."

"कागदापुरतं होतं तर ओट्यावरच ठेवायचं. सांगितलं असतं मी. काल चारदा सांगून बसलोय. तुम्ही मला इथं आणलंत."

"पोरीचं लग्न आहे!"

"ठाऊक आहे मला कुणाचं लग्न आहे." आबांचा हात चौकटीवरून निघाला नव्हता. "तेल्याच्या घरात रंधा कुठून आला, विचारत असता ना जन्मभर? तिच्या हातून आला. तिचा बाप सुतार होता. तुमच्यातलं कुणी तिच्या हातचं पाणी प्यायलं नाही. मी सहा वर्षांचा होतो, माझं मनगट धरून तिनं मला लाकडाची नस शिकवली. डोळ्यांनी नको बघू, म्हणायची, अंगठ्यानं बघ. हे दार मी अंगठ्यानं केलंय. देवानं हातात घातलं असं काजी म्हणतात. असेल. पण माझ्या हातात त्यानं घातलं ते तिच्या हातानं घातलं. आता हाच हात यावर ठेवून, ती नव्हतीच म्हणू?"

बिनयामिन काजी खाली जमिनीकडे बघत होते.

"माझ्याच्यानं सही होणार नाही आता," मुकादम म्हणाले. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, रडवेला होता. "तिघांनी ऐकलंय. तू मला काही ठेवलंच नाहीस."

आबांनी दाराला हात लावून दोन्ही दारं मिटली. सेफेर आत असताना. कुणी अडवलं नाही. मग ते वहाणा घालून निघून गेले, आणि मी गॅलरीत बसून राहिले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवायला आली तर मी तिचा हात झटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काजी घरी आले. आमच्या घरी ते कधी येत नसत. आईनं चहा ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एलोजी, मी तुला नेहमी बसालेल म्हणतो."

"म्हणता."

"तो रानातल्या देवाच्या मंडपाचा कारागीर. मोशेच्या वेळचा. पण शलमोन राजानं यरुशलेमात मंदिर बांधलं, त्याचे पितळेचे खांब कुणी ओतले, ठाऊक आहे? हिरामानं. त्याची आई आपल्यातली, विधवा. बाप सोर शहरचा. परका माणूस, तांबटच. लिहून ठेवलंय तसं. देवानं लपवलं नाही."

आई दारातून पुढं आली. "काजी, हे काल दारं उघडी होती तेव्हा का नाही बोललात?"

काजींनी कपाकडे पाहिलं. "माझ्या नातीचा पण कागद व्हायचाय, मिल्काबाई," ते म्हणाले.

चहा न पिता उठले. काळ्यांच्या घरचा म्हणून, की लाज वाटली म्हणून, ते मी आजतागायत ठरवू शकले नाही. नातीचा कागद पुढच्या आठवड्यात झाला. तिच्या पणजीचं नाव साराबाई.

मी आबांशी बोलणं टाकलं. अकरा महिने. ताट पुढं ठेवायचे, पाणी ठेवायचे, तोंड उघडायचे नाही. ते विचारत, "शेगू, ती गोल पटाशी बघितलीस काय गो?" मी पटाशी आणून आदळायचे. एकदा त्यांनी आपणहून सुरुवात केली, "भागीआजी काय करायची ठाऊक आहे, पावसाळ्यात..." आणि मी उठून मागच्या अंगणात गेले. पावसाळ्यात ती काय करायची, मला कधीच कळणार नाही. रूबेननं पुढच्या हनुक्काला, दिव्यांच्या सणात, दुसरीशी लग्न केलं. पत्रात तुमच्या कचेरीला दोष दिला, आबांना दिला, मला दिला नाही; मला वाटतं तेवढं मोठं मन त्याच्याकडे होतं. आबा भाद्रपदात गेले, छातीत कळ येऊन, काटकोन बघायचा गुण्या हातात धरून. कबरस्तानात काळ्यांची ओळ भिंतीकडे आहे. तिथं.

नंतर मला वाचता येतं तेवढ्यावर मी स्वतः तोऱ्याचं नि राजांच्या पुस्तकाचं मराठी भाषांतर वाचलं, कारण मला पाहायचं होतं. बसालेल सापडला. देवानं त्याला नावानं हाक मारली, त्याच्या हातात कसब घातलं, असं लिहिलंय. बापाचं नाव आहे, आज्याचं नाव आहे, वंशाचं नाव आहे. आजीचं नाही. हिराम सापडला. त्याची आई म्हणजे 'एक विधवा'. तिचंही नाव नाही. हात कुणाचा, हे लिहायला तेव्हाही कुणाला सुचलं नाही. आबांना सुचलं. मी गॅलरीतून ओरडले होते, ते नाव पुसा म्हणून. तुमच्यावर आरोप करते आहे, पण आरोपीच्या पिंजऱ्यात मीही आहे, हे मला ठाऊक आहे.

गाव रिकामं झालं. एकेक घर साराबाईचा कागद घेऊन विमानात बसलं. शेवटी मशिदीत प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जमेनात. तेव्हा मुकादमांचा मुलगा तिकडून आला, हेखाल न्यायला. तिकडच्या आपल्या लोकांची नवी प्रार्थनेची जागा होत होती, तिथं बसवायला. त्यानं आणलेल्या सुतारांनी दोन दिवस डोकं फोडलं, पण खिळा नसलेला हेखाल सुटा करायचा कुठून ते त्यांना कळेना. मग तो माझ्याकडे आला.

"शेगूमावशी, तुम्हीच मदत करा. लाकडाला इजा नको."

मी गेले. कुठली खुंटी आधी, कुठली नंतर, मला पाठ होतं. एकशे चौदा तुकडे झाले. प्रत्येकावर पेन्सिलनं आकडा घातला, आणि जोडायची रीत वहीच्या पाच पानांवर लिहून दिली.

सहा महिन्यांनी फोटो आला. हेखाल उभा आहे, वरती विजेचे दिवे. उद्घाटनाला तुमच्या कचेरीचे थोर धर्माधिकारी आले आहेत, दाढी पांढरी, हात त्याच डाव्या दाराच्या चौकटीवर. पाठीमागं लिहिलंय, यांनी आशीर्वाद दिला आणि कारागिरीची फार स्तुती केली.

म्हणून हे पत्र. मला एकच विचारायचं आहे. तो हेखाल तुम्हाला चालतो की चालत नाही? चालत नसेल तर सेफेर बाहेर काढा आणि लाकूड मला परत पाठवा, आकडे अजून असतील त्यावर. आणि चालत असेल, तर ज्या हातानं तो झाला त्या हाताची मुलगी तुम्हाला का चालली नाही? आबा गेले, मुकादम गेले, काजी गेले. तुमची खुर्ची आहे. उत्तर द्या.